सॉफ्टवेअरचं गाव कोणतं?

आमच्या शेजारचे शेषराव अण्णा विकणाऱ्याचं गाव विचारल्याशिवाय काहीही विकत घेत नाहीत. कोथिंबिरीची जुडी असो की फ्रीज, आधी "गाव कोणतं तुमचं?" आणि मग भाव. गाव सांगताना माणूस अडखळला की माल खोटा. अण्णा मूळचे कन्नड गावचे. नोकरीपायी शहरात, उस्मानपुऱ्यात आले, निवृत्तही झाले, पण खरेदी अजून आठवडी बाजाराच्याच रीतीनं चालते.

आमच्या सोसायटीचे ते सचिव. नोटिसा घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून जिन्यात चिकटवतात. एके दिवशी त्यातलं टायपिंगचं सॉफ्टवेअर मुदत संपली म्हणून बंद पडलं. नवीन घ्यायचं ठरलं आणि माझ्या संध्याकाळी त्यात गेल्या. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळं मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे.

मुकुंदवाडीचा एक दुकानदार स्वस्तात टाकून देतो म्हणाला. तो निघाला कन्नडजवळचाच. अण्णा खूश. चहा झाला, दूरची सोयरीकही निघाली. मग अण्णांनी पक्कं बिल मागितलं. दुकानदार म्हणाला, याला बिल नसतं. अण्णा कप ठेवून उठले. "बिनपावतीचा बैल गाववाल्याचा असला तरी दावणीला बांधू नाय," असं मला वाटेत समजावलं.

कंपनीकडूनच घ्या म्हटलं, तर मला त्यांच्या मदत केंद्राला फोन लावायला लावला. पलीकडच्या मुलीला गाव विचारलं. ती बिचारी हिंदीत म्हणाली, सर, हे ऑनलाइन आहे. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. "गाव सांगंना." फुकटचंही मिळतं, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

शेवटी प्रश्न उरला, कायमचं घ्यायचं की सालाच्या बोलीनं, दरवर्षी पैसे भरून. सालाच्या बोलीला अण्णांचा कडाडून विरोध. पाडव्याला ठेवलेला सालगडी निदान बैलांना पाणी तरी पाजतो, असं त्यांचं म्हणणं.

मग पुण्याला वैशालीला, त्यांच्या मुलीला, फोन लावला. काकू गेल्यापासून अण्णा एकटेच असतात आणि नोकरीमुळं तिचं येणं पार कमी झालंय. फोन स्पीकरवर होता.

"अण्णा, कायमचंच घ्या," ती म्हणाली. "तुम्ही ऑनलाइन पैसे भरत नाही. सालाचं घेतलं तर दरवर्षी मलाच यावं लागंल भरायला."

अण्णांनी फोन ठेवला. बोटानं टेबलावरची धूळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी एकटेच वेगळ्या दुकानात जाऊन, पक्क्या बिलासकट, सालाचं घेऊन आले. दुकानदाराचं गाव कोणतं निघालं, मी विचारलं. राहिलंच विचारायचं, म्हणाले.

मी चक्रावलो. तरी धीर द्यावा म्हणून बोलून गेलो, की पुढच्या वर्षीची काळजी नको, माझ्या मोबाइलवरून भरून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे.

अण्णा दार लावता लावता थांबले.

"ते वैशीला बोलू नका, सर," ते हळूच म्हणाले. "यिऊ द्या तिला."