चाचणी सुरू होती

गेल्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी सात वाजता सुमनवहिनी आपल्या भावाच्या गाडीतून चिखलदऱ्याला गेल्या. त्यांचे यजमान वसंतभाऊ मागे राहिले. याच सहलीसाठी त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत खाट ठोकली होती, टपावर चार सोलर पॅनल बसवले होते. चाचणी अकरा महिने सुरू होती.

अकोल्यात, जठारपेठेत आमची घरं शेजारी. उन्हाळ्यात गल्लीतला प्रत्येक जण गाडीसाठी सावली शोधतो. वसंतभाऊ ऊन शोधत. ऊन सरकलं की गाडी चार फूट सरकवत. पॅनल फार तापले की वीज कमी देतात हे कळल्यावर ते टपावर चढून पाणी मारू लागले. त्या आठवड्यात घरातला कूलर कोरडा होता.

वहिनींना सतत ऑक्सिजन लागतो. त्याचं मशीन विजेवर चालतं. चिखलदऱ्याच्या शाळेत त्यांची पहिली नोकरी. ती शाळा एकदा पाहायची होती. वसंतभाऊ निवृत्त लाइनमन. "लाइनीचा भरोसा नाई," हे त्यांचं पालुपद. एकदा भर दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टर बंद पडला. भाऊ बाजारातून परतले तेव्हा वहिनींचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या विजेवरही भरोसा नव्हता. बॅटरी आठ तास टिकली की त्यांना बारा हवे असत. बारा टिकली की ते ढगाळ दिवसांची शंका काढत.

"यायची टेस्टिंग होईस्तोवर मी राहीन का, ते इचारा त्याइले," वहिनी मला म्हणाल्या होत्या. मी विचारलं नाही. शेवटी वहिनींनी आपल्या भावाला फोन केला. तो ऑक्सिजनचे दोन सिलिंडर घेऊन आला.

ती दोघं निघाली आणि दहा मिनिटांत वसंतभाऊंनी मला गाडीत बसवलं. गाडीतलं दुसरं मशीन चालू होतं, नळी रिकाम्या खाटेवर. अकोट, परतवाडा करत, दिसणार नाही इतकं अंतर ठेवून आम्ही घाट चढलो. शाळेच्या खालच्या वळणावर थांबलो, अर्थात उन्हात. वर व्हरांड्यात वहिनी बसलेल्या दिसत होत्या. सिलिंडर कमी पडले असते तर आम्ही दोन मिनिटांत पोचलो असतो. सिलिंडर पुरले.

आता वर जाऊ, मी म्हणालो.

"नाई. बॅटरी टिकते हे तिले समजन, तं म्हणन, मंग मले काहून नाई नेलं."

परतीला त्यांना पुढे जाऊ दिलं. आम्ही पोचलो तेव्हा वहिनी घरातल्या मशीनला नळी लावून बसल्या होत्या.

"गाडी कुठी नेली होती?"

"टेस्टिंगले," वसंतभाऊ म्हणाले.

गाडीतलं मशीन तेरा तास चाललं होतं. बॅटरी एकसष्ट टक्के शिल्लक होती.