दानियलभाऊंचे सहा शब्द

आमच्या शेजारचे दानियलभाऊ साळवे पाच वर्षांपासून एकच ओळ वाचून राहिले आहेत. वाचता येत नाही अशातला भाग नाही, इंग्रजी पेपर ते जाहिरातींसकट वाचतात. पण ही ओळ बायबलातल्या यशया संदेष्ट्याची, मुळात हिब्रू, आणि भाऊंचा भाषांतरावर भरवसा नाही. मराठीवर नाही, इंग्रजीवर तर नाहीच. ओळीचा मतलब एवढाच, की देवाचा जो सेवक येणार आहे, तो चेचलेला बोरू मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही. झालं. तुम्हाला कळलं, मला कळलं. दानियलभाऊंना अजून कळायचं आहे.

भाऊ वजनमापे निरीक्षक होते. नागपूरच्या बाजारात उभी हयात दुसऱ्यांची वजनं तपासण्यात गेली. रिटायर होऊन जमाना झाला, तरी भाजीवाला दारात आला की आधी त्याच्या काट्याचं तोंड पाहणार, मग वांग्यांचं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "तपासल्याशिवाय शिक्का नाही." हा नियम ते माणसांना लावत, पावसाच्या अंदाजाला लावत, आणि आता देवाच्या वचनालाही लावून राहिले होते.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स. सदतीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळं माझी जीभ जरा धारदार आहे, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्यांना सांगायची तसदी नको. आम्ही बौद्ध, ते ख्रिस्ती. आमच्याकडून त्यांच्याकडं बुद्धपौर्णिमेची खीर जाते, त्यांच्याकडून नाताळचा केक येतो. केक मार्थावहिनी करत. वहिनी गेल्यापासून तो बेकरीतून येतो, आणि त्याच्या वजनाची खात्री भाऊंनी घरी करून घेतलेली असते.

या ओळीचं खूळ वहिनी गेल्यावरच सुरू झालं. त्यांच्या लोकांत कबरीच्या दगडावर नाव, तारखा आणि खाली एक वचन कोरतात. वहिनींच्या बायबलात या एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ सापडली. तेव्हा हेच वचन कोरायचं, हे ठरलं. कामठी रोडवरच्या दगडवाल्यानं काळा दगड घासून नाव आणि तारखा कोरल्याही. वचन मात्र भाऊंनी अडवलं. अर्थाची खात्री झाल्याशिवाय बायकोच्या छातीवर कसं ठेवायचं, म्हणाले. त्याला पाच वर्षं झाली. दगड दगडवाल्याच्या अंगणात, आणि कबरीवर नुसती माती.

मोबाइलवर क्लास लावून भाऊ अलेफ, बेथ शिकले. एका म्हाताऱ्या पाद्र्यांकडून उशीएवढा जाड शब्दकोश आणला. हिब्रू उजवीकडून डावीकडं लिहितात, तर काही महिने हा माणूस प्रत्येक वही मागूनच उघडायचा. फ्रिजवर अक्षरं, आरशावर अक्षरं. ओळीतला "नाही" त्यांनी पहिल्याच दिवशी पास केला. नाही म्हणजे नाही, त्यात तपासायचं काय. उरले सहा शब्द.

पहिला, बोरू, म्हणजे पाण्याकाठचं पोकळ, वेतासारखं गवत. हिब्रूत काने. शब्दकोशात पाहून भागणार थोडंच? अंबाझरी तलावाच्या काठाला जाऊन, चिखलात चप्पल घालवून, भाऊ बोरू घेऊन आले. त्याच पुस्तकात पुढं हाच शब्द तराजूच्या दांडीसाठी आला आहे, हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी अख्ख्या गल्लीला तर्री-पोहे खाऊ घातले. आपल्या खात्याची वस्तू थेट संदेष्ट्याच्या तोंडी सापडली म्हटल्यावर काय! मग तो बोरू चपलेनं चेचून बादलीत उभा केला. दोन आठवड्यांनी गाठीतून हिरवा कोंब फुटला, तर मला हाताला धरून दाखवायला नेलं. मी म्हटलं, भाऊ, आमच्या नर्सिंगमध्ये याला डिस्चार्ज म्हणतात. ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं.

असे 'चेचलेला' आणि 'मोडणं' पार पडले. मग आली वात. मूळ शब्द पिश्ता, म्हणजे जवस. वात कापसाची नव्हेच, जवसाच्या धाग्याची. आता आपल्या विदर्भात जवस म्हटलं की चटणी. त्यापासून धागा निघतो हे माझ्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. भाऊंनी उमरेडकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून बी आणलं आणि दिवाळीनंतर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत गच्चीवर पेरलं. निळी फुलं आली तेव्हा खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं.

पण धागा काढायचा तर काड्या पाण्यात कुजवाव्या लागतात. कुजवायचा ड्रम या गृहस्थांनी कुठं ठेवावा? माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली! आठ दिवस मी उंदीर मेला म्हणून डबे उपसून राहिले, फळ्या धुतल्या, सिलिंडरसुद्धा सरकवला. नवव्या दिवशी खाली वाकून पाहिलं तर भाऊ नाकाला रुमाल बांधून काड्या ढवळताहेत.

"काहून जी भाऊ, हे काय करून राहिले?"

"पिश्ता," ते म्हणाले.

त्या दिवशी मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ड्रम हलला. पुढं मोगरीनं काड्या कुटून, कंगव्यानं विंचरून त्यांनी खरोखर बोटभर वात वळली. मग 'मिणमिणती', म्हणजे केहा, तपासायला भर दुपारी दिवा लावायचा, अर्धवट फुंकर मारायची आणि घड्याळ घेऊन बसायचं. कितीदा तरी केलं. पाचही शब्दांवर शिक्का बसला. राहिला शेवटचा, विझवणं.

आणि तिथं गाडी अडली ती अडलीच. दीड वर्ष! अहो, सहांतला सगळ्यात सोपा शब्द. लहान पोरालाही विझवणं कळतं. मी विचारलं की म्हणत, "पाहून राहिलो, सिस्टर." शब्दकोशाचं ते पान उघडताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा वेळ जातो, जाऊ द्या. गल्लीत मी त्यांच्या नकला करत असे, हेही कबूल करते.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी ग्रेस पुण्याहून आली. वहिनींच्या पुण्यस्मरणाला ती दरवर्षी येते, आणि दरवर्षी मातीवर फुलं ठेवून जाते. या वेळी तिचा संयम सुटला. माझ्याकडं येऊन रडली. म्हणाली, शनिवारपर्यंत बाबांनी हो म्हटलं नाही, तर ती सगळ्यांच्या दगडावर असतं ते 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे वचन कोरून टाकणार. आईची खूण पुसली गेली तर गेली, पण आई अशी उघड्यावर नको.

मला भाऊंचा असा राग आला, की चहा तसाच टाकून मी त्यांच्याकडं गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. मी उभ्या उभ्या झाडलं. म्हटलं, तुमच्या अभ्यासापायी पोरगी रडून राहिली. एका शब्दासाठी बायकोला अजून किती ताटकळत ठेवता?

भाऊंनी चष्मा काढला. शब्दकोशावर ठेवला.

"सिस्टर," ते म्हणाले, "त्या कागदावर सही मी केली होती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वहिनींच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. अकरा दिवस मशीन लावलं होतं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, आणि भाऊंनी मशीन काढायच्या कागदावर सही केली.

"तिनं रेघ मारली ते वचन काय म्हणते? तो विझवणार नाही. देवाचा माणूस विझवत नाही. मंग म्या काय केलं? हा शब्द तपासायले बसलो, तर पयले मलेच तपासा लागते. ते वचन तिच्या दगडावर कोरून मी रोज कसा वाचू?" मग खाली बघत म्हणाले, "तुम्ही इतके मरण पाहिले. खरं सांगा, म्या तिले विझवलं का?"

मी खुर्ची ओढून बसले. कारण उत्तर मला माहीत होतं, पाच वर्षांपासून. दहाव्या दिवशी मी दवाखान्यात गेले होते. ग्रेस आणि भाऊ बाहेर होते. जुन्या सवयीनं मी वहिनींच्या पापण्या उचलून टॉर्च मारला होता. नखाच्या मुळाशी दाबून पाहिलं होतं. बाहुल्या हलल्या नाहीत, बोटही हललं नाही. तिथं कोणी नव्हतं. सही त्यानंतर दोन दिवसांनी झाली. डॉक्टरांनी सांगितलं असेलच, असं धरून मी गप्प राहिले. सांगितलंही असेल, पण तेव्हा त्यांच्या कानात काही शिरलं नसणार. आणि मी या माणसाच्या नकला करत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "त्या दहाव्या दिवशीच गेल्या होत्या. मी स्वतः पाहिलं. श्वास मशीन घेऊन राहिलं होतं, वहिनी नाही. तुम्ही सही केली तेव्हा विझवायले काही उरलंच नव्हतं."

"नक्की?"

"दोन्ही डोळे पाहिले. दोनदा. मी तुमाले तेव्हाच सांगायले पायजे होतं, भाऊ. माझं चुकलं."

मला वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते रडायला लागले, अगदी मोठ्यानं, तोंड न झाकता. ग्रेस दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली आणि बापाच्या पायाशी जमिनीवर बसली.

मी भाऊंचं मनगट धरलं. धरल्यावर लक्षात आलं, की बोटं आपसूक नाडीवर गेली आहेत. मोजली मात्र नाही. नुसती धरून बसले, आणि थोड्या वेळानं मलाही रडू आलं.