हुकूम वाळेपर्यंत

ही गोष्ट तुमच्यापैकी कोणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार नको. आजवर ज्याला ज्याला सांगितली, तो तोंडावर हसला आणि वळता वळता कपाळाशी बोट फिरवून गेला. पण आज पुरावा आहे. तो शेवटी. आमच्या धाकट्या सूनबाईंना तो आत्ताच हवा आहे, कारण त्यांना सूर्य उगवल्याचाही पुरावा लागतो. त्यातून आज सकाळपासून त्यांची पावाला लोणी लावायची सुरी सापडत नाहीये, त्यामुळे एकंदर मनुष्यजातीवरचाच त्यांचा विश्वास उडालाय. त्यांनी तिथं दाराशी बसावं. बाकीच्यांनी जवळ सरकावं.

तर एक कचेरी होती. तिथं नेमकं काय काम चालतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते वेळेवर होत नाही एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसायच्या. येणाऱ्या कागदावर एक शिक्का, जाणाऱ्या कागदावर दुसरा, असं करता करता त्यांचे केस पांढरे झाले आणि मूळ नाव मागे पडून त्या जावकबाई झाल्या.

जावकबाईंना एकच नाद होता, घरी हातानं कार्डं करण्याचा. जाडसर कागद घ्यायचा, फुलापानांच्या आकाराची भोकं पाडलेलं स्टेन्सिल त्यावर चिकटपट्टीनं बसवायचं, एम्बॉसिंग पेस्टचा लपका ठेवायचा आणि बोथट सुरीनं, गवंडी गिलावा ओढतो तसा, एका दमात ओढायचा. मग श्वास रोखून स्टेन्सिल उचललं की फूल कागदावर अलगद उभं. वाळलं की बोटांना पाकळी न् पाकळी लागते. "चित्र डोळ्यांना दिसतं, हे बोटांना दिसतं," असं बाई म्हणायच्या, आणि नको तिथंही म्हणायच्या.

त्या सुमारास त्यांची एकुलती एक लेक परगावी बाळंतपणाला टेकली होती. बाईंना लांबलचक रजा हवी होती. अर्ज देऊन ठेवला होता, साहेबांची सहीसुद्धा झाली होती. पण झालेली सही कधी मागे फिरेल याचा त्या कचेरीत नेम नव्हता. म्हणून बाईंनी साहेबांच्या वाढदिवसाला एक कार्ड केलं. वर टपोरा गुलाब. इथंच सगळं फसलं.

साहेबांनी कार्ड वाचलं नाही. त्यांचा अंगठा पाकळ्यांवरून गेला, थबकला, परत आला, पुन्हा गेला. सगळी हयात सपाट कागदांवर काढलेला अंगठा तो. त्याला घरी आल्यासारखं वाटलं.

"हेडक्लार्क," साहेब म्हणाले, "हे हाताला लागतं."

"लागतं, साहेब."

"आपले हुकूम का लागत नाहीत?"

हेडक्लार्कला उत्तर द्यायची सवय नव्हती, होकार द्यायची होती. "नाही लागत, साहेब."

"म्हणूनच कोणी मनावर घेत नाही."

दुपारच्या चहाच्या आत परिपत्रक निघालं. 'यापुढे या कार्यालयाचा कोणताही हुकूम स्पर्शास जाणवल्याखेरीज अस्तित्वात आहे असे समजण्यात येऊ नये. सपाट कागद कोरा समजावा.' परिपत्रक अर्थातच सपाट होतं, पण हे दाखवून द्यायला कोणाला वेड लागलं नव्हतं.

पहिला कोरा ठरलेला कागद म्हणजे जावकबाईंची मंजूर रजा.

"अहो, पण साहेबांची सही दिसतेय की," बाई म्हणाल्या.

"दिसतं तर बरंच काही हो, बाई," हेडक्लार्कनी त्यावरून अंगठा फिरवला. "लागत नाही."

"मग द्या इकडे, मी पेस्ट लावते. एका दमाचं काम आहे."

"स्वतःच्या रजेला स्वतः? याला संगनमत म्हणतात."

"कोणाशी?"

"ते चौकशीत निघेल."

मग प्रत्येकाच्या सहीचं स्टेन्सिल कापून आलं. आणि सही कागदावरून किती वर यावी हा प्रश्न उभा राहिला. तो ज्येष्ठतेनुसार सुटला. कारकुनाची सही कांद्याच्या पापुद्र्याएवढी, हेडक्लार्कची बोटाच्या पेराएवढी, साहेबांची मुठीएवढी. साहेबांच्याही वर जे बसत, त्यांच्या सहीसाठी टेबलावरचा दिवा हलवावा लागे. बढती मिळालेल्या माणसाला लोक विचारू लागले, "किती वाढलात?" आणि तो दोन बोटांमध्ये अंतर धरून दाखवी.

या जाड सह्या तडकू लागल्या. तेव्हा जावकबाईंना राहवलं नाही. "साहेब, एकदम जाड थापली की वरून वाळते, आत ओली राहते आणि मग तडा जातो. पातळ थर द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा."

गोष्ट खरी होती. कचेरीत खरी गोष्ट अशी जाता जाता बोलून टाकू नये. संध्याकाळपर्यंत पुरवणी परिपत्रक निघालं: प्रत्येक टेबलानं एक थर द्यावा; खालचा थर वाळल्याचं प्रमाणित झाल्याशिवाय वरच्यानं सुरी उचलू नये; ओला थर विचाराधीन समजावा; तडा गेल्यास तो मतभेद समजून पहिल्यापासून सुरुवात करावी.

आता फाइल मिटली की चिकटू लागली, म्हणून फायली उघड्याच ठेवायच्या ठरलं. टेबलं भरली, जमीन भरली, जिने भरले. पंखे बंद, कारण धूळ बसते. खोकायला परवानगी, शिंकायला खातेनिहाय चौकशी. मग फायली गच्चीवर गेल्या, गच्चीवरून फुटपाथवर उतरल्या, फुटपाथवरून रस्त्यावर. गाड्या हुकमांना वळसा घालून जाऊ लागल्या. पूल दुरुस्त करण्याचा हुकूम पुलावरच वाळत घातल्यानं पूल बंद झाला. लोक चवड्यांवर चालायला शिकले; त्यांच्या पोटऱ्या काय सुरेख झाल्या म्हणता!

आणि कोणी विचारायला आलंच, "माझं काम झालं का हो?" तर खिडकीतून हसतमुख उत्तर मिळे, "झालं की. वाळतंय." कचेरीच्या इतिहासात प्रथमच प्रलंबित प्रकरणांची संख्या शून्यावर आली. साहेबांचा सत्कार झाला. हार सपाट होता, त्याबद्दल आयोजकांना समज देण्यात आली.

इकडे लेकीचे फोन चालू.

"आई, निघालीस का?"

"निघते गं. दुसरा थर ओला आहे."

"आई, मुलगी झाली. तुझ्यासारखं नाक आहे."

"अगं बाई! तिसरा थर हेडक्लार्कांकडे आहे, आणि त्यांना नेमकी सर्दी झालीये. तू पडून राहा."

"आई, ती बसायला लागली."

"शिंकले गं ते. पहिल्यापासून."

"आई, तिला दात आले. ती चालते. तिला वाटतं आजी म्हणजे फोन. वाजला की धावत येते आणि त्याला चावते."

जावकबाईंनी फोन ठेवला आणि जाणाऱ्या कागदाचा शिक्का येणाऱ्या कागदावर मारला. एवढ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

"बाबा," दाराशी बसलेल्या सूनबाई म्हणाल्या, "ती पेस्ट वाळायला एवढा वेळ नाही लागत. रात्रभर ठेवली की होते. डबा माझ्याच कपाटात आहे."

कपाटाचा विषय इथं नको. मधे बोलल्यानं गोष्ट तडकते.

अखेर रजेचा हुकूम वाळला. उशीएवढा जाड झाला होता. दोन शिपायांनी उचलून आणला. बाईंनी सगळ्या सह्यांवरून हात फिरवला. नक्षी अव्वल होती. मग खालचा मजकूर वाचला. 'रजा मंजूर. तथापि ज्या बाळंतपणाकरिता रजा मागितली ते पार पडल्याचे अर्जदाराच्याच फोनवरील संभाषणातून समजते. सबब कारण उरलेले नाही. नव्याने अर्ज करावा.'

बाई रडल्या नाहीत. घरी गेल्या, घरात होती नव्हती तेवढी पेस्ट काढली आणि न पाहिलेल्या नातीसाठी एक कार्ड करायला घेतलं. त्यावर बदक. थरावर थर, पण पातळ, कोणालाही न विचारता, म्हणून भराभर वाळणारे. पंख वर आले, पोट वर आलं, चोच तर अशी निघाली की पिशवी अडकवावी. खाली लिहिलं, 'आजी फोनमध्ये नसते.' आणि दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळी, कार्ड हातात घेऊन, बाई टेबलावरून उठून कचेरीच्या फाटकाशी आल्या.

फाटकावरच्या दरवानानं हल्ली वाचणं सोडलं होतं. तो डोळे मिटून अंगठा फिरवी; त्याचा अंगठा सगळ्या खात्यात नावाजलेला.

"बाहेर जायचा हुकूम?" त्यानं हात पुढे केला. अंगठा पंखावर चढला, पोटावरून घसरला, चोचीला अडला. दरवान डोळे मिटूनच ताठ उभा राहिला. "बाई, हा कोणाचा?"

"वरचा."

"किती वरचा?"

"हात लावलास ना? तूच सांग."

त्यानं सलाम ठोकला आणि फाटकाची दोन्ही दारं उघडली. ती उघडतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे बसच्या वाहकानं चोच चाचपली आणि स्वतःची जागा दिली. नाक्यावरच्या शिपायानं शेपटी चाचपून रहदारी थांबवली. एका चौकात मिरवत चाललेला पुढारी खाली उतरला आणि त्यानं बाईंना आपल्या मोटारीत बसवलं. त्याची स्वतःची सही बदकाच्या पायाएवढीसुद्धा नव्हती, बिचारा. वाटेत एवढ्या जणांनी बदक चाचपलं. ते बदक आहे हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

लेकीनं दार उघडलं. पायाशी एक एवढीशी मुलगी, नाक अगदी जावकबाईंचं. तिनं कार्ड घेतलं, कोपरा चावला, मग थोडं लांब धरून बघितलं आणि म्हणाली, "बदक." बाई खाली उंबऱ्यावरच बसल्या. मग रडल्या. पोरीनं त्यांचाही कोपरा चावून पाहिला.

तिकडे कचेरीत दरवानानं कळवलं की एवढा उंच हुकूम उभ्या नोकरीत अंगठ्याखाली आला नव्हता. साहेबांचा चेहरा उतरला. "मजकूर काय होता?"

"चोच होती, साहेब. पंख होते. शेपूट वर होतं."

अर्थ लावायला समिती बसली. समितीनं दरवानाच्या अंगठ्याची साक्ष घेतली आणि हुकमाची तातडीनं अंमलबजावणी झाली. आज त्या कचेरीत पन्नासेक बदकं आहेत. ती ओल्या हुकमांवरून हिंडतात. जिथं पाऊल उमटतं तिथं तो शेरा धरतात आणि पुढच्या टेबलाकडे पाठवतात. लोक सांगतात, कामं पूर्वीपेक्षा लवकर होतात. हेडक्लार्क पाण्याची बादली घेऊन मागे फिरतात आणि म्हणतात, "होय, साहेब."

आता पुरावा. हेच ते कार्ड. कोपऱ्यावर त्या नातीचे दात आहेत. घ्या, एकेकानं बघा, अंगठा फिरवा, हलकेच. लागली चोच? लागणारच. तुम्हीही घ्या, असे मागे राहू नका. फिरवलात? पटलं ना? माना डोलताहेत, छान. एकानं अंगठा विजारीला पुसला, पण मान त्यानंही डोलावली. आता सूनबाईंकडे द्या.

सूनबाईंनी अंगठा लावला नाही. त्यांनी कार्ड उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं.

"'या गोष्टीतलं एक अक्षरही खरं नाही.' बाबा, हे तुमच्याच हातचं आहे. माझी सुरी आधी धुऊन द्या. बदक अजून ओलं आहे, आणि या सगळ्यांचे अंगठे बघा."