खंड्याच्या मागचं हिरवं

जावयाने सासुरवाडीला यावं, चहा प्यावा, पेपर वाचावा, दुपारी घोरावं आणि सुट्टी संपली की बायकोला घेऊन चालतं व्हावं. असा जावई कुणाला जड होत नाही. पण सासूबाईंचे जावईबापू आल्या दिवसापासून मागच्या अंगणात उपड्या बादलीवर बसून होते. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्यात घातलेला, आणि कॅमेऱ्याच्या पुढे दुधी भोपळ्याएवढी लेन्स. कुणी "जेवायला चला" म्हटलं, की ओठांवर बोट.

आता हे अंगण म्हणजे काही बाग नव्हती. तो सासूबाईंचा कारखाना होता. एका अंगाला सिमेंटचा हौद, शेजारी कपडे पिळायचं दांडगं मशीन, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या. कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी त्यांच्याकडे धुवायला येत. सासूबाई शाळेत फारशा टिकल्या नव्हत्या, पण पांढरं कशाला म्हणावं ह्यावर त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. "माझ्या चादरीवर माशीसुद्धा पाय पुसून बसते," असं त्या म्हणत, आणि हे खोटं आहे असं अजून तरी कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

हल्ली मात्र रस्त्यापलीकडे वाफेवर कपडे धुणारी नवी लॉन्ड्री उघडली होती. लॉजचा मॅनेजर मागच्या खेपेला जाता जाता म्हणाला होता, "मावशी, मालक म्हणतायत काम तिकडे द्या. मी थोपवून धरलंय. पण आता एक जरी तक्रार आली ना, तर माझं काही चालायचं नाही." आणि आज संध्याकाळी तो चादरी न्यायला येणार होता.

नेमका आजच दोरीच्या खांबावर खंड्या येऊन बसला. निळाशार, लाल चोचीचा, मान खाली घालून हौदाकडे बघत. हौदात मासा नव्हता, पण हे खंड्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी मशीनचं बटण दाबलं आणि जावईबापू दबक्या पावलांनी धावत आले.

"आई, ते मशीन जरा बंद ठेवाल? जमीन हादरते. जमीन हादरली की स्टँड हादरतो, आणि स्टँड हादरला की डोळा हलतो."

"कुणाचा? तुमचा?"

"पक्ष्याचा. म्हणजे फोटोतला. शेपूट हललं तरी एकवेळ चालतं, पण डोळा स्पष्ट यायलाच हवा. नाहीतर फोटो फुकट."

सासूबाईंची जीभ म्हणजे कात्री. तिने गॅसवाल्याला, नळवाल्याला आणि दोन सख्ख्या नणंदांना कापून ठेवलं होतं. पण जावयापुढे ती म्यानात राही. जावयाला दुखवायचं नाही, त्याला अहो-जाहो करायचं, त्याने उचललेला पेला हातातून काढून घ्यायचा, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी मशीन बंद केलं, स्वयंपाकघरात आल्या आणि अंगणात ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात लेकीला म्हणाल्या, "काही माणसांना दुसऱ्याचं पोट कशावर चालतं ते दिसत नाही गं. पाखराचा डोळा तेवढा दिसतो."

"आई, ऐकतील ना ते."

"ऐकू दे की. मी तुला बोलतेय."

चादरी न पिळताच दोरीवर चढल्या. ओल्या, जड, पांढऱ्याशुभ्र. सासूबाई पुढच्या खोलीत उशांच्या खोळींना इस्त्री करायला बसल्या. बऱ्याच वेळाने अंगणातून पडलेला आवाज आला, "काळा आला!"

"काय काळं आलं?" सासूबाई ताडकन उठल्या.

"काही नाही आई," लेकीने खिडकीतून सांगितलं. "खंड्या काळा येतोय. मागे एवढं पांढरं असलं की कॅमेरा दिपतो म्हणे."

आपल्या पांढऱ्याने कॅमेरासुद्धा दिपतो हे ऐकून सासूबाईंना जरा बरं वाटलं. त्यांनी इस्त्री पुन्हा हातात घेतली. हीच चूक झाली.

जावईबापूंनी कॅमेऱ्यात उजेड वाढवून पाहिला. खंड्या निळा आला. तेवढ्यात वारा सुटला, वाळत आलेली चादर फुगली, आणि कॅमेऱ्याने पक्ष्याला सोडून चादरच धरली. फोटोत चादरीची शिवण अशी आली की टाके मोजून घ्यावेत, आणि खंड्याच्या जागी निळा डाग. चादर फडफडल्यावर खंड्या उडालाही. पण तो फिरून त्याच खांबावर येतो, हे जावईबापूंना ठाऊक होतं. तो परत येईपर्यंत मागचं पांढरं हटवून तिथे काहीतरी मऊ हिरवं लावावं, असं त्यांनी ठरवलं.

चादरी मातीत टाकायला ते काही अडाणी नव्हते. त्यांनी एकेक चादर अलगद उतरवली आणि दोरीखालच्या मोठ्या टबात नीट घडी घालून ठेवली. मग लेकीने आईसाठी आणलेला नवाकोरा पलंगपोस पिशवीतून काढला. पोपटी हिरवा. तो दोरीवर घातला तर तोही फडफडू लागला. म्हणून त्यांनी तो हौदात बुचकळून काढला. ओलं कापड जड होतं, जड कापड फडफडत नाही. विचार अगदी बरोबर होता. जावईबापूंचे विचार एकेकटे घेतले तर सगळेच बरोबर असत.

पलंगपोसाचं पाणी टपटप खाली पडू लागलं. खाली टब होता. टबात लॉज होतं.

बादलीवर बसलेल्या जावईबापूंनी खांबाच्या टोकावर आधीच नेम धरून ठेवला होता, त्यामुळे त्यांना खांब सोडून काही दिसत नव्हतं. सासूबाई खोळी संपवून अंगणात आल्या, त्यांना मात्र सगळंच दिसलं. रिकाम्या दोऱ्या दिसल्या. पलंगपोस दिसला. टब दिसला. त्यांनी तोंड उघडलं.

"श्श! आई, हलू नका," जावईबापू कुजबुजले. "आलाय."

आणि सासूबाई उभ्या राहिल्या. दारात, तोंड उघडं, हात कमरेवर, डोळ्यांदेखत चादरी हिरव्या होत असताना. कॅमेरा वाजला, खटखटखटखट, खटखटखट. खंड्याने मान वळवली, एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि तो निघून गेला. त्याला कळलं होतं.

सासूबाई लेकीकडे वळल्या. "अगं भवाने! तुला नवरा दिलाय, त्याला डोळे कुणी द्यायचे? माझ्या लॉजच्या चादरी गं ह्या! समोर ती वाफवाली टपून बसलीय आणि इथे माझ्या घरातच चिखल!"

"मी काय केलं आई?"

"तू गप्प बस. तुला नाही बोलत मी."

जावईबापू फोटो बघण्यात गुंग होते.

मग साबण झाला, सोडा झाला, ब्लीचिंग झालं. पलंगपोसाला सहज सोडून आलेला रंग चादरींना मात्र सोडीना. उलट कुठे गडद, कुठे फिक्या, त्या गुरांनी चघळल्यासारख्या दिसू लागल्या. सासूबाईंनी ऊन बघितलं, घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि पलंगपोस ओढून टबातच टाकला. "डाग दिसण्यापेक्षा सगळंच डागाचं झालेलं बरं. ढवळ!" मायलेकींनी काठीने ढवळलं. चादरी एकसारख्या झाल्या. रंग शेवाळाचाही नव्हता आणि औषधाचाही नव्हता, दोघांच्या मधला कुठलातरी होता.

संध्याकाळी मॅनेजर आला. गठ्ठ्याकडे बघून दारातच थांबला.

"मावशी, हे काय?"

"नवीन पद्धत आहे," सासूबाई मान ताठ ठेवून म्हणाल्या. "खास कारागीर ठेवलाय. शहाणा आहे फार."

मॅनेजरने एक चादर उलगडली. उजेडात धरली. लांब धरली, जवळ धरली. लेकीने डोळे मिटून घेतले. वाफेची लॉन्ड्री काही फर्लांगभर दूर नव्हती.

"मावशी," तो सावकाश म्हणाला, "आमच्या पांढऱ्या चादरी पाहुणे बॅगेत घालून नेतात. मालकांनी पगारातून कापायची धमकी दिलीय मला. पण हे ध्यान कोण नेणार? घरी नेलं तर बायको विचारेल, कुठल्या डबक्यातून काढलंस?" त्याचा चेहरा उजळला. "पुढच्या सगळ्या अशाच करून द्या. वाफवाल्यांना हे जन्मात जमायचं नाही. पण अगदी अशाच हं. जरासुद्धा चांगल्या नकोत. आणि त्याच कारागिराच्या हातच्या पाहिजेत."

गठ्ठा गेला. काम राहिलं, पांढरं गेलं. सासूबाई रिकाम्या दोऱ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

"आई, बघा तरी!" जावईबापूंनी बादलीवर बसल्या बसल्याच कॅमेरा पुढे केला. "पीसन् पीस मोजून घ्या. डोळ्यात उजेडाचा ठिपका आलाय. आणि मागचं हिरवं बघा, कसं लोण्यासारखं!"

सासूबाईंनी पाहिलं. खंड्या असा बसला होता की आत्ता उडेल. त्यांनी त्याच्यापेक्षा मागचं हिरवं जास्त वेळ पाहिलं. लेक भिंतीला टेकून उभी होती. आता आपल्यालाच ऐकावं लागणार म्हणून तिने मान खाली घातली. पण सासूबाई तिच्याकडे वळल्या नाहीत.

"जावईबापू, फोटो झकास आलाय," त्या म्हणाल्या. "लॉजवाल्यालाही रंग पसंत पडलाय. पुढच्या सगळ्या चादरी तुमच्याच हातच्या पाहिजेत म्हणाला. म्हणजे आजपासून तुम्ही आमचे कारागीर."

"खरंच?" जावईबापू खुलले.

"खरंच. आणि कारागिराला मी अहो-जाहो करत नाही. ऊठ त्या बादलीवरून, आणि भर ती."