दीपगृहाचा खेळ बाजारीं मांडिला त्याची हकीकत

श्री. जिच्या कृपेनें काळा पडदा उजळतो त्या ज्योतीस नमन करून लिहितों. धनीसाहेबांनीं पुशिलें कीं, "ज्या खेळास गिऱ्हाईक नाहीं म्हणत होते तो अद्याप चालतो कैसा?" ऐशियास जें पाहिलें आणि ऐकिलें तें सांगतों.

शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरीं, फोनवर अंगठ्यानें खेळावयाचे गेम घडविणारें एक राज्य होतें, तेथें निरंजनपंत पिंगुळकर म्हणून कारागीर चाकरीस होते, वय सेहेचाळीस, आणि त्यांनीं सोळा वर्षांत एकोणीस खेळ सिद्ध केले, आणि एकोणिसांतही शूर पुरुषानें राजकन्या सोडवून आणिली. पंतांचें स्वतःचें मन पुरुषाकडे, दिनकरराव म्हणून गृहस्थांसमवेत त्यांचा बारा वर्षांचा संसार, हें दरबारीं सर्वांस ठाऊक आणि कोणी बोलत नसे. मग एके दिवशीं पंतांनीं महाराजांस अर्ज केला कीं, दोन पुरुष बेटावरील दीपगृह राखतात, वादळांत गलबतें वाचवितात आणि वाचवितां वाचवितां एकमेकांवर त्यांचा जीव जडतो, ऐसा एक खेळ करावा. महाराज आपले दिवाण वामनराव यांजकडे पाहते जाहले. विक्रीचा कारभार दिवाणांकडे, मनुष्य वाईट नव्हे, परंतु चाळीस माणसांचे पगार त्यांचे माथीं, ते बोलिले, "पंत, हा खेळ घेणार कोण?"

"मी घेईन."

"आणखी?"

"ज्यांनीं आजवर कोणास सांगितलें नाहीं ते."

"जे सांगतच नाहींत ते मोजावे कसे?" मग दिवाणांनीं रीतीप्रमाणें पन्नास खेळाडू दिवाणखान्यांत बोलाविले, चहा-बिस्किटें दिलीं आणि पुशिलें, "पुरुषाचें पुरुषावर प्रेम, ऐसा खेळ कोणास हवा? हात वर करावा." एकही हात वर जाहला नाहीं, आणि मागून कोणी हसला, आणि मग सर्वच हसले, आणि दिवाणांनीं कागदावर "गिऱ्हाईक नाहीं" ऐसें लिहिलें. पंत जिना उतरूं लागले तों मागून त्याच खेळाडूंतील कुमुदबाई म्हणून पन्नाशीच्या बाई आल्या, सरकारी कचेरींत कारकून, त्या हळूच म्हणाल्या, "त्यात दोन बायकांचं करता येईल का हो?"

"येईल कीं."

"मग करा. पण मला आत हात वर करायला लावू नका. माझ्या ऑफिसातले दोघं बसलेत तिथं."

पंत तैसेच माघारे फिरले आणि दिवाणांस म्हणाले, "एक गिऱ्हाईक जिन्यावर सांपडलें." दिवाण हसले नाहींत. त्यांनींच महाराजांस विनविलें, आणि तीन माणसें व एक वर्ष इतकें मंजूर जाहलें. मग दीपगृहीं दोन पुरुष ठेवावे कीं दोन स्त्रिया, कीं जन्मीं एक आणि अंतरीं दुसरें ऐसें कोणी, हें खेळणारानें ठरवावें ऐसी योजना केली, आणि पुढील ज्येष्ठांत खेळ बाजारीं आला. सप्तरंगी निशाणें लागलीं, दोन दिवस स्तुती जाहली, आठ दिवस शिव्या आल्या, आणि महिना सरतांच निशाणें उतरविलीं. विक्री थोडकी, वाढेना आणि तुटेना. दिवाणांनीं दुसरेंच शल्य दाखविलें कीं, "लोक खेळ घेतात आणि त्याच दिवशीं फोनमधून काढून टाकितात. आवडत नाहीं, आणिक काय?" इतक्यांत एक बिननांवाचें पत्र पंतांस आलें, त्यांत मजकूर कीं, "माझा फोन घरात सगळे हाताळतात. रोज दुपारी खेळ उतरवून घेतो, खेळतो आणि काढून टाकतो. चांगला अभिप्राय लिहायची इच्छा आहे, पण नाव दिसतं." पंतांनीं पत्र दिवाणांपुढें ठेविलें. दिवाणांनीं तें दोनदां वाचिलें आणि म्हणाले, "हें कोणत्या रकान्यांत घालूं?"

दोन वर्षें ऐसींच गेलीं. पंत थकले. दिनकरराव म्हणाले, "सोड आता, झालं तेवढं पुष्कळ झालं." मग तिसरे वर्षीं महाराजांनीं हुकूम केला कीं खेळ बंद करावा, आणि पंतांनीं वाद न घालितां चार ओळींची जाहीर खबर लिहिली कीं, महिन्यानें दीपगृह विझेल. तों नवल वर्तलें. पंधरा दिवसांत मागील दोन वर्षांहून अधिक लोकांनीं खेळ घेतला, कोणीं मित्रासही घेऊन दिला, आणि कोणीं नांवानिशीं लिहिलें कीं बंद करूं नका. दरबारीं पेढे आले. महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, "पंत, युक्ती सांपडली! दर साल बंद करतों म्हणून खबर द्यावी आणि दर साल चालू ठेवावा. पुढील वर्षाची खबर आतांच लिहून ठेवा."

पंत उभे राहिले. आवाज चढला नाहीं. म्हणाले, "महाराज, हे लोक जन्मभर निरोप घेत आले आहेत, घराचा, मित्रांचा, आवडत्या माणसाचा. खेळ बंद करणें तर खरोखरीच करा. खोटा निरोप मजकडून लिहवूं नका."

मग दिवाणांनीं हात वर केला आणि म्हणाले, "माझेंही मत तेंच आहे." महाराजांनीं पेढ्यांचें ताट बाजूस सारून विषय बदलिला, खेळ चालूच राहिला, आणि बंदीची दुसरी खबर निघाली नाहीं.

सारांश इतकाच कीं, खेळ चालतो, आपला खर्च आपण काढितो, अधिक देत नाहीं. दुसऱ्या ऐशा खेळाची परवानगी पंतांनीं दोनदां मागितली, मिळाली नाहीं, आणि सध्यां ते विसाव्या राजकन्येचे केस रंगवीत आहेत. तिसरा अर्ज पाठविला आहे. कळावें.