थंडी अजून जाहीर झालेली नाही

हिवाळ्यात थंडी पडते, अशी एक समजूत सर्वसामान्य जनतेत आढळते. त्या परक्या शहराच्या नगरपालिकेला ती मान्य नव्हती. थंडी पडत नसते, ती जाहीर करावी लागते, असा तिथला नियम होता. आणि तो पाहुण्यांनाही लागू होता.

हे मास्तरीणबाईंना कळलं तेव्हा त्या हॉटेलच्या खोलीत दोन स्वेटर, एक शाल आणि नवऱ्याचा कोट अंगावर चढवून पलंगावर बसल्या होत्या. नवरा म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले मोठे साहेब. लग्न झाल्यापासून साहेबांची रजा दरवर्षी पाणीटंचाईच्या कामात बुडायची. साहेब टंचाई दूर करत असत असं नाही. ती आहे की नाही, एवढंच ठरवत. यंदा कधी नव्हे ती रजा मंजूर झाली आणि बाईंनी हट्ट धरला. बर्फ पडतो अशा गावी जायचं, आणि तिथे आठवडाभर माझ्याशी साहेबासारखं नाही, नवऱ्यासारखं वागायचं. पहिली गोष्ट विमानाने जमवून आणली होती. दुसरीचं अजून काही खरं नव्हतं.

खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता. खिडकीखाली लोखंडी नळ्यांचा हीटर होता. बाईंनी त्याला हात लावून पाहिला, तर हातात होती नव्हती ती ऊबही तो घेऊन गेला.

"अहो, खाली जाऊन बोला ना काहीतरी."

साहेब गेले नाहीत, म्हणून बाई गेल्या. मॅनेजर अतिशय सभ्य होता.

"मॅडम, ऊब नगरपालिकेच्या नळातून येते. थंडी जाहीर झाली की सोडतात."

"मग जाहीर कधी होणार?"

"थंडी पडली की."

"पडलीय की! तुमचं नाक बघा, लालभडक झालंय."

"ते वैयक्तिक आहे," मॅनेजर नाक पुसत म्हणाला.

"बरं, निदान जादा ब्लँकेट तरी द्या."

"हिवाळी सामान गोदामात आहे, आणि गोदाम हिवाळ्यात उघडतं. सध्या उन्हाळी सामान चालू आहे. पंखा पाठवू?"

बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. संध्याकाळी पंखा आला.

दुसऱ्या दिवशी दोघं शहर बघायला निघाली. चौकातलं कारंजं उडता उडता तसंच गोठलं होतं आणि त्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. तळ्यात नौकाविहार सुरू होता. होड्या बर्फात रुतल्या होत्या, पण मोसम चालू असल्याने तिकिटं फाटत होती. माणसं होडीत चढत, वेळ संपेपर्यंत बसून राहत आणि आभार मानून उतरत. रस्त्यातली मंडळी नाकापर्यंत कोट ओढून चालली होती. ओळखीचं कुणी भेटलं की दात वाजवत म्हणायची, "काय छान हवा आहे, नाही?"

बाई बसची वाट बघत उभ्या होत्या, तेवढ्यात एक हवालदार जवळ आला.

"बाई, थरथरताय का?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "नाही हो. हसतेय."

"मग हरकत नाही. थंडीची अफवा पसरवणं गुन्हा आहे. हसा, पण बेताने."

साहेबांनी त्याला सलाम ठोकायचाच बाकी ठेवला. "बघ, शिस्त याला म्हणतात," ते बायकोला म्हणाले. त्यांचेही ओठ निळे पडले होते, त्यामुळे वाक्य पुरं व्हायला जरा वेळ लागला.

मग मात्र बाईंनी त्यांना दंडाला धरून नगरपालिकेत नेलं. जाताना त्यांच्या मनात एक वेडी आशा होती. आयुष्यभर हा माणूस टेबलाच्या त्या बाजूला बसला; आज पहिल्यांदा या बाजूला उभा राहील. बायको गारठलेली बघून एकदा तरी टेबलावर मूठ आपटेल. बाईंना शहर बघायचं नव्हतं, राजवाडे बघायचे नव्हते. त्यांना ती मूठ बघायची होती.

थंडी-निश्चिती अधिकाऱ्याचं दार उघडलं आणि आतून अशी सुंदर ऊब आली की बाईंचे डोळे आपोआप मिटले. अधिकारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात चहा पीत होता. टेबलाखाली त्याची खासगी शेगडी होती आणि शेगडीच्या बरोबर वर, भिंतीला, एक थर्मामीटर टांगला होता.

"हाच शहराचा अधिकृत थर्मामीटर?" साहेबांनी विचारलं.

"हाच. आधी गच्चीवर होता. पण आकडा बघायला जाणाऱ्या कारकुनाला सारखी सर्दी व्हायची, म्हणून आत घेतला."

"अहो, पण मग थंडी मोजणार कशी?" बाई म्हणाल्या.

"मोजतो की, रोज मोजतो. अजून एकदाही सापडली नाही."

साहेबांना त्या देशाची भाषा जेमतेम येत होती, पण ही भाषा त्यांची मातृभाषाच होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि तक्रारी?"

"तक्रारदाराला आम्ही आत बसवतो, चहा देतो. थोड्या वेळाने त्यालाच उकडायला लागतं. मग तक्रार उरतेच कुठे?"

साहेबांनी गळ्यातला मफलर सोडला. मग स्वेटरही काढला.

"अहो, या अधिकाऱ्यांना बाहेर नेऊन थंडी दाखवा ना," बाई काकुळतीने म्हणाल्या.

"अगं, थांब जरा! किती सुटसुटीत पद्धत आहे ही!" साहेब म्हणाले. लग्नात बायकोचं तोंड पहिल्यांदा बघतानाही त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

संध्याकाळी बाईंना ताप भरला. हॉटेलच्या डॉक्टरने त्यांना तपासलं आणि हिवाळी ताप हिवाळ्याआधी येऊ शकत नसल्याने हा उन्हाचा ताप आहे, असं निदान करून गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या.

बाईंनी शालीतून हात बाहेर काढला. "अहो, डॉक्टरचं राहू द्या. तुम्ही माझा हात धरून बघा, किती गार पडलाय."

"हाताला काय कळतं?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपण अधिकृत आकडा बघितलाय ना? तुला थंडी वाजत नाहीये, तुला फक्त तसं वाटतंय."

बाईंना फार वाईट वाटलं. रागही आला नाही, नुसतं रडू आलं. बाहेर कापसासारखा बर्फ पडायला लागला होता. ज्याच्यासाठी इतका हट्ट केला तो बर्फ त्यांनी एकटीने पाहिला, कारण साहेब पाठमोरे उभे राहून फोनवर आपल्या कचेरीत सूचना देत होते.

"पाण्याची पातळी मोजायला धरणावर कशाला जाता? उन्हातान्हाची दगदग! आपल्या कचेरीच्या गच्चीवर टाकी आहे ना? तिच्यात मोजत जा. हो, हो, तीच. रोज सकाळी काठोकाठ भरतात ती."

उन्हाळा आला. घराघरातले नळ कोरडे पडले आणि पाणीसाठा पूर्ण असल्याचं जाहीर झालं. तक्रार घेऊन जाणाऱ्याला साहेब स्वतः खुर्ची देत, माठातलं गार पाणी पाजत आणि विचारत, "आता सांगा, तहान लागलीय का?" लोक खरं बोलणारे होते. नाही म्हणत आणि घरी येत.

साहेबांच्या घरच्या नळालाही पाणी नव्हतं. ते आंघोळ कचेरीत करत. एके सकाळी मास्तरीणबाईंनी रिकामी बादली उचलली आणि इमारतीतलं एकेक दार वाजवलं. "चला माझ्याबरोबर. आपल्या सगळ्यांच्या रिकाम्या बादल्या नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवू. माझाच नवरा आहे, घाबरू नका."

"वहिनी, आमच्या मुलाचं तुमच्या साहेबांकडे नोकरीचं बोलणं चाललंय," पहिल्या मजल्यावरचे म्हणाले.

"साहेब सांगतायत म्हणजे असेल पाणी. आमच्याच नळात काहीतरी अडकलंय," दुसऱ्या मजल्यावरची म्हणाली.

तिसऱ्या मजल्यावर दारच उघडलं नाही.

बाई एकट्याच निघाल्या. भर उन्हात, रिकामी बादली हातात घेऊन. आणि आपण? आपण गॅलरीतून बघत होतो. बाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघितलं, बिचारीला परदेशची हवा बाधली म्हणून हळहळलो, आणि आत येऊन टँकरवाल्याला फोन लावला.