उपसंचालकांची अनुभवपूर्वक उपासमार

गरिबांच्या निर्वाह भत्त्यात माणसाचे पोट भरत नाही, अशी तक्रार विभागाकडे बरीच वर्षे येत होती आणि विभाग ती तितक्याच नियमितपणे पुढे पाठवत होता. शेवटी पुढे कोणी उरले नाही, तेव्हा तक्रार फिरून विभागाकडेच आली. संचालकांनी तातडीची बैठक बोलावली. भत्ता वाढवावा की नाही हा प्रश्न भावनेचा नसून अनुभवाचा आहे, असे ठरले. आणि एका अधिकाऱ्याने महिनाभर फक्त भत्त्याच्या रकमेत जेवून गरिबी समजून घ्यावी, असा ठराव झाला. उपसंचालकांची निवड एकमताने झाली. विभागात सर्वांत मोठे पोट त्यांचे होते, त्यामुळे फरक पडलाच तर तो लांबूनही दिसला असता.

उपसंचालकांनी कुरकुर केली नाही. त्याला कारण होते. त्यांची मावशी याच भत्त्यावर जगत होती. आई गेल्यावर मावशीनेच त्यांना वाढवले, शिकवले, साहेब केले. माय मरो पण मावशी उरो, ही म्हण त्यांच्याइतकी कुणाला लागू पडली नसेल. पण म्हातारी महाहट्टी. भाच्याच्या पैशाला हात लावायची नाही. "सरकार देतं ते हक्काचं," म्हणायची, "तुझं घेतलं तर तुझ्या बायकोच्या तोंडाकडे बघावं लागेल." भत्ता वाढला तरच तिच्या ताटात दोन घास जास्त पडणार होते, आणि तशी शिफारस करणे आता उपसंचालकांच्या हातात आले होते. खरोखर उपाशी राहायचे आणि खरा अहवाल द्यायचा, असा त्यांनी निश्चय केला.

पहिल्या दिवशी ते बाजारातून आले तेव्हा बायकोने पिशवीत डोकावून पाहिले.

"बाकीचं मागून येतंय का?"

"एवढंच आहे."

"बरं. मग मी तुमच्यासमोर जेवू, की आतल्या खोलीत?"

ती आतल्या खोलीत जेवली. फोडणीचा वास मात्र बाहेरच्या खोलीत आला.

कार्यालयात प्रयोगाची कागदोपत्री काळजी उत्तम घेतली जात होती. छायाचित्रकार आला. त्याने उपसंचालकांचे ताट चारही बाजूंनी पाहिले आणि मान हलवली. "साहेब, हे अंडं काढा. गरिबी नीट पोचत नाहीये." अंडे काढण्यात आले. छायाचित्रकाराने ते वाया जाऊ दिले नाही. उपसंचालकांच्या भुकेचा आढावा घेण्यासाठी नेमलेली समितीही रोज बसत असे. समोर केक, सँडविच आणि काजू.

"घ्या हो," संचालक म्हणत. "हा खर्च बैठकीच्या खात्यातला. तुमच्या भुकेशी त्याचा काडीमात्र संबंध नाही."

उपसंचालक हात मांडीखाली दाबून बसत. इथपर्यंत गडी सच्चा होता, हे मान्य करायला हवे.

पण भूक काही पदाचा मान ठेवत नाही. पहिला आठवडा सरता सरता त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. एका संध्याकाळी घरी निघालेले त्यांचे पाय आपोआप मावशीच्या गल्लीत वळले. एक खोली, एक शेगडी, एक खाट. मावशीने दार उघडले आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई, तोंड किती उतरलंय! बायको जेवायला घालत नाही का रे?"

अहवाल येईपर्यंत प्रयोग गुप्त ठेवण्याचा आदेश होता. त्यांनी नुसती मान हलवली. मावशीने भात वाढला, वर होते नव्हते ते कालवण ओतले आणि पातेले खरवडून काढले.

"तुझं काय?"

"मी मघाशीच जेवले."

लहानपणीही ती हेच म्हणायची, आणि तेव्हाही तिला जेवताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. पण भुकेल्या माणसाला फार शंका परवडत नाहीत. त्यांनी ताट चाटूनपुसून साफ केले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले, आणि बाजारात जायचे त्यांना आठवेनासे झाले.

महिनाअखेर हिशेब झाला तेव्हा लेखाधिकारी खुर्चीतून उठून उभे राहिले. भत्त्यातली निम्मी रक्कम शिल्लक होती. वजनही जागच्या जागी होते. आता, अखर्चित रक्कम म्हणजे अनावश्यक रक्कम, आणि अनावश्यक रक्कम पुढच्या हप्त्यापासून कापायची, हा विभागाचा जुना आणि एकमेव पाळला जाणारा नियम. संचालकांनी उपसंचालकांचा हात हातात घेतला.

"कमाल केलीत! आम्हाला भत्ता वाढवावा लागेल अशी भीती होती."

उपसंचालकांनी हात सोडवून घेतला. "साहेब, चूक होतेय. मी मावशीकडे जेवत होतो."

"मावशी काय करतात?"

"भत्त्यावरच जगते."

संचालकांचा चेहरा उजळला. "म्हणजे लाभार्थी स्वतः जेवून वर पाहुण्यालाही जेवू घालते? महिनाभर? अहो, हे अहवालात आलंच पाहिजे!"

"ती स्वतः जेवत नसणार, साहेब."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"हो."

"मग काय म्हणाल्या?"

उपसंचालकांनी खरे काय ते सांगितले. संचालकांनी तो लाभार्थीचा तोंडी जबाब म्हणून जोडायला लावला. सही करताना उपसंचालकांचा हात थरथरला. समितीने त्याची नोंद अशक्तपणा अशी न करता नम्रता अशी केली. भत्ता निम्मा झाला.

वर्तमानपत्रात बातमी छापून आली त्या संध्याकाळी ते मावशीकडे गेले. सगळे सांगून टाकायचे, पाय धरायचे, असे ठरवून गेले. मावशीला वाचता येत नव्हते, पण शेजारणीने आणून दिलेला फोटो तिने उशाशी ठेवला होता.

"केवढा छान आलायस रे! पण काय हे, ताटात काहीच नाही." मग ती जरा अवघडली. "बाळा, एक सांगू? राग मानू नकोस. आता रोज नको येऊस. भत्ता कमी केलाय, कुणा मुडद्याला सुचलं देव जाणे. एक दिवसाआड ये. एक दिवसाआड मी भागवीन कसंही."

उपसंचालकांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते नुसते पाया पडले आणि निघाले.

बातमी वाचून मात्र पुष्कळ लोक हळहळले. काहींनी जेवणानंतर विभागाला पत्रेही लिहिली. विभाग कुणाची हळहळ वाया जाऊ देत नाही. जनतेची सहानुभूती हा लाभार्थ्यांना विनामूल्य मिळणारा जादा लाभ ठरवण्यात आला असून, पुढील वर्षी तेवढी रक्कम भत्त्यातून वजा होईल. तेव्हा आपल्यालाही हे वाचून वाईट वाटले असल्यास, ते कृपया विभागाला कळवू नये.